लांबच्या प्रवासासाठी पंक्चर किट: नक्की काय घ्यावं?

सुसाट_पण_सावध

नवी गाडी घेतली. डिकीचा तळ उचलून पाहिला तर स्टेपनी नाहीच. थर्माकोलच्या खाचेत पांढऱ्या द्रवाची एक बाटली आणि एक चिमुकला पंप, बस्स. पुढच्या महिन्यात सहकुटुंब मोठा प्रवास ठरलाय आणि वाटेत बरेच पट्टे असे आहेत की तास-दीड तास कुणाची मदत मिळायची नाही. ऑनलाइन शोधलं तर भल्यामोठ्या पेटीपासून खिशात मावणाऱ्या डबीपर्यंत सगळं दिसतंय, आणि सगळ्यांनाच पावणेपाच तारे.

कंपनीने दिलेलं पुरेसं आहे का? वेगळं किट घ्यायचं तर त्यात काय असलंच पाहिजे? आणि ज्याने आयुष्यात पंक्चर काढलेलं नाही त्याला रस्त्याच्या कडेला हे जमतं का? टायर ट्यूबलेस आहेत, साधे. रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) नाहीत.

नटबोल्ट

शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद तेच विचारण्यात गेले असते. वाचतोय. गॅरेजकाका, या.

गॅरेजकाका

आलो.

किटच्या आधी पंक्चर समजून घ्या. बाजारातलं कोणतंही किट एकाच जातीच्या पंक्चरवर चालतं: ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात, घुसलेला खिळा किंवा स्क्रू, आणि भोक साधारण ६ मिमीपर्यंत. साइडवॉल फाटली, ट्रेड आणि साइडवॉल मिळतात त्या खांद्यावर भोक पडलं किंवा खड्ड्यात आपटून रिम वाकली, की बाटली काय नि पट्टी काय, काही उपयोग नाही. साइडवॉल दर फेरीला दबते आणि पुन्हा ताठ होते, त्यामुळे तिथे भरलेलं काही टिकत नाही. टिकलंसं वाटलं तरी त्यावर माणसं बसवून वेगात जाऊ नये.

आता क्रम. पहिला पंप आणि हवेचा गेज. दुसरं पट्टीचं किट, म्हणजे भोकात चिकट रबरी पट्टी कोंबायची हत्यारं. बाटली तिसरी.

पंप पहिला का, तर खिळा आत असेपर्यंत तोच बुचासारखा बसलेला असतो. बऱ्याचदा हवा इतकी हळू जाते की भरून घेतली, वीस-तीस किलोमीटर गेलात, पुन्हा तपासली, पुन्हा भरली, असं करत दुकानापर्यंत पोचता येतं. ना जॅक, ना पाना, ना हात काळे. म्हणून खिळा दिसला रे दिसला की पक्कड घेऊन उपटायला धावू नका. आधी हवा भरा, दहा मिनिटं थांबा, गेज बघा. हवा धरून असेल तर खिळ्याला तिथेच राहू द्या आणि सावकाश निघा.

आणि टायर बसल्याची शंका आली की थांबा. सुरक्षित जागा दिसेपर्यंत जेवढं जावं लागेल तेवढंच. बसलेल्या टायरवर गाडी चालवली की रिमखाली साइडवॉल चेंगरून आतून रबराचा भुगा होतो. बाहेरून टायर ठीक दिसतो, भोकही बारीकच असतं, पण टायर मेलेला असतो. ते कुठलंच किट दुरुस्त करत नाही.

चाकोरीबाहेर

काकांशी सहमत, फक्त बाटलीला तिसरा नंबर दिलात तोसुद्धा जास्त आहे. तो चिकट रबरी द्रव एकदा आत गेला की टायर खोलणारा माणूस शिव्या घालतो. आत सगळं लडबडलेलं, पॅच लावायच्या आधी पुसत बसा. टीपीएमएसचा, म्हणजे हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारा सेन्सर व्हॉल्वला आतून जोडलेला असेल तर त्याचं भोक बुजण्याची भीती. शिवाय बाटलीला मुदत असते, अनेकांची चारेक वर्षं. सेकंडहँड गाड्यांत मी मुदत उलटून गेलेल्या बाटल्याच जास्त पाहिल्यात. आत दही झालेलं असतं.

निळी_छत्री

थोडं असहमत. इथे सगळे तरणेताठे, गुडघे शाबूत असलेले लोक बोलतायत असं दिसतंय.

माझी पाठ दुखरी आहे आणि मी बहुतेक वेळा एकटी गाडी चालवते. पट्टी लावायची म्हणजे टायरमधल्या स्टीलच्या तारांच्या थरातून रीमर (भोक घासून मोकळं करायचं हत्यार) आरपार घालायचा. त्याला जोर लागतो, तोही उकिडवं बसून, चाकाच्या कमानीत हात घालून. पाऊस, अंधार आणि शेजारून ट्रक जात असताना मला ते नको. बाटली पंपाला लावायची, नळी व्हॉल्वला, बटण दाबायचं. टायर वाया गेला तर गेला, मी तिथून निघाले हे महत्त्वाचं.

मात्र बाटली वापरायची रीत नीट पाळावी लागते, आणि ती कुणीच आधी वाचत नाही. खिळा काढायचा नाही. सुरुवातीला गेजचा काटा एकदम ५-६ बारवर उडी मारतो, कारण द्रव व्हॉल्वमधून ढकलला जात असतो. घाबरून बंद करू नका, अर्ध्या मिनिटात काटा खाली येतो. मग ठरलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि लगेच निघायचं, कारण चाक फिरल्याशिवाय द्रव भोकापर्यंत पोचत नाही. दहा मिनिटं चालवून थांबायचं, पुन्हा गेज. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत १.३ बार ही सीमा दिलेली असते. त्याखाली गेलं असेल तर भोक मोठं आहे, आता टोइंगच बोलवा. धरलं असेल तर पुन्हा भरून ताशी ८० च्या आत, थेट टायरवाल्याकडे. आणि त्याला आधीच सांगा की आत द्रव आहे. तो सेन्सर काढून पुसून घेईल.

चाकोरीबाहेर

मान्य. पाठीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तरी मुदत बघा एवढं म्हणेन. आणि बाटलीवर टायरचा साइज लिहिलेला असतो तोही. छोट्या गाडीची बाटली मोठ्या एसयूव्हीच्या टायरला पुरत नाही.

गॅरेजकाका

छत्रीताईंनी रीत बरोबर सांगितली. एक पुरवणी: पंपाला न लागणारे स्वतंत्र फवाऱ्याचे डबेही मिळतात, दाबला की फेस आणि गॅस दोन्ही आत. जुन्या काळी त्यात पेट घेणारा गॅस असायचा. आजही घेताना लेबलवर ज्वलनशील लिहिलंय का पाहा, आणि असला डबा उन्हात तापणाऱ्या डिकीत टाकू नका. दाबाखालच्या डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते.

आकडेमोड

पंपाबद्दल कुणी नीट लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

खोक्यावर ठळक अक्षरात '१५० पीएसआय' असतं. त्याचा कारला काडीचा उपयोग नाही. कारच्या टायरला ३०-३५ पीएसआय लागतात, ते कुठलाही पंप देतो. बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा ढकलतो.

२०५/५५ आर१६ टायरच्या आत साधारण ३० लिटर जागा असते. पूर्ण बसलेला टायर २.२ बारवर (३२ पीएसआय) न्यायचा तर बाहेरची ६५ लिटरच्या आसपास हवा आत कोंबावी लागते. खोक्यावर '३५ लिटर प्रति मिनिट' लिहिलं असेल तर हिशोबाने दोन मिनिटांत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात पाच ते आठ मिनिटं जातात, कारण तो आकडा समोर दाब नसतानाचा असतो. दाब चढतो तसा पंप मंदावतो.

यावरून दोन गोष्टी. एक, पंप सलग किती वेळ चालवता येतो ते पुस्तिकेत शोधा. स्वस्तातले दहा मिनिटांत इतके तापतात की त्यांना तेवढाच वेळ थांबवावं लागतं. दोन, वीज. १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज गाडीप्रमाणे १० ते २० अँपियरचा असतो. १५ अँपियर खाणारा पंप १० च्या फ्यूजवर लावलात तर हवा भरून व्हायच्या आधी फ्यूज उडेल. आपल्या गाडीचा आकडा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर असतो. जास्त ताकदीचे पंप थेट बॅटरीला चिमट्यांनी लावतात, ते उत्तम, पण मग वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते मोजा. खोक्यावरची लांबी कधी वायर आणि नळी धरून असते, कधी नुसत्या वायरची.

बॅटरीवाले, वायर नसलेले पंप सोयीचे आहेत खरे. पण ते चार्ज करून ठेवायला लागतात आणि आपण ठेवत नाही. ज्यात १२ व्होल्टची वायरही लागते असा घ्या.

तिसरा_गिअर

इंजिन चालू ठेवून पंप लावायचा की बंद?

आकडेमोड

चालू, म्हणजे बॅटरी उतरत नाही. पण उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरत बसू नका.

अवांतर: पंपावरचा गेज आणि हातातला गेज यांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो. वेगळा एक साधा गेज ठेवाच. आणि दाब टायर थंड असताना मोजायचा. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो. थंडीच्या पहाटे हवेच्या दाबाचा दिवा लागला की लगेच पंक्चर समजू नका.

हेल्मेटधारी

दुचाकीवाल्यांसाठीही सांगा की कुणीतरी. मी पट्टीचं किट आणि हवा भरायला १६ ग्रॅमची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसं ठेवतो.

आकडेमोड

१६ ग्रॅम सीओटू म्हणजे बाहेरच्या दाबाला साधारण पावणेनऊ लिटर गॅस. मोटरसायकलच्या मागच्या टायरला पंचवीसेक लिटर धरा, म्हणजे तीन काडतुसं. एक फुकट जाईल असं समजून चार ठेवा. कारसाठी हाच हिशोब सात-आठ काडतुसांवर जातो, त्यामुळे कारवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. सोडताना काडतूस गोठतं, हातमोजा घाला. सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, तेव्हा पोचल्यावर साधी हवा भरून घ्या.

आणि ट्यूबचे टायर असतील तर पट्टीचा काही उपयोग नाही. तिथे टायर उतरवायचे लिव्हर आणि सुटी ट्यूब. तो वेगळाच धागा होईल.

सुसाट_पण_सावध

मंडळी, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. पंप ठरला: जरा मोठा, चिमट्यांचा. बाटलीची मुदत पाहिली, अजून तीन वर्षं आहे, ती राहू दे. आता काका, पट्टीचं किट. फोटोत तर सगळी सारखीच दिसतात हो.

गॅरेजकाका

फोटोत सारखीच असतात. फरक हातात घेतल्यावर कळतो, आणि तोही तीनच गोष्टींत. पेटीत इतर जे पन्नास नग असतात ते पेटी भरायला.

पहिली गोष्ट मूठ. रीमर आणि सुई या दोन हत्यारांना टी आकाराची, धातूची मूठ हवी. सरळ स्क्रूड्रायव्हरसारखी प्लास्टिकची मूठ असेल तर ते किट तिथेच सोडा. स्टीलच्या पट्ट्यांतून रीमर घालताना अंगाचा भार द्यावा लागतो. सरळ मूठ तळहातात रुतते, नाहीतर तुटते, आणि तुटली की टोक तुमच्याच हातात घुसतं. मूठ आणि दांडा पक्के जोडलेले आहेत का, पिळून बघा.

दुसरी गोष्ट सुईचा डोळा. त्याला टोकाशी फट असते. पट्टी आत ढकलून सुई मागे ओढली की पट्टी त्या फटीतून सुटून आत राहायला हवी. फट खडबडीत असेल तर सुईबरोबर पट्टीही बाहेर येते.

तिसरी पट्टी. बोटांनी दाबली तर मऊ आणि चिकट लागली पाहिजे. कोरडी, वातड झालेली पट्टी भोकात बसते पण रबराला धरत नाही. पट्ट्या बंद पाकिटात ठेवा, दर दोन-तीन वर्षांनी नवीन घ्या. त्या फार महाग नसतात.

लावायची पद्धत. आधी हवा भरा. टायर फुगलेला असला की रीमर घालताना तो मागे दबत नाही. खिळा कोणत्या कोनात गेलाय ते बघा आणि मगच पकडीने काढा, कारण रीमर त्याच कोनात जायला हवा. सरळ घातलात तर तारांमध्ये दुसरी वाट तयार होते आणि पट्टी लावूनही हवा जात राहते. रीमर फिरवत आत, चार-पाच वेळा आतबाहेर. सुईत पट्टी अर्ध्यावर ओवा, सोबत रबर सोल्यूशन असेल तर लावा, आणि दाबत राहा, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतपत. मग सुई एका झटक्यात सरळ बाहेर. पिळायची नाही. उरलेली टोकं ट्रेडच्या जरा वर कापा, अगदी तळाशी नको. हवा पूर्ण भरा, साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला तर शेजारी अजून एक पट्टी चालते. दोन पट्ट्यांनीही थांबत नसेल तर ते भोक पट्टीचं नाही.

जमतं का, हे विचारलंत. जमतं, पण पहिल्यांदा रस्त्यावर नको. टायरच्या दुकानात टाकाऊ टायर पडलेले असतात. तिथे एक खिळा ठोकून स्वतः एकदा करून बघा. रीमरला किती जोर लागतो हे वाचून कळत नाही.

नटबोल्ट

वाचनखूण साठवली. त्या पेटीत हे हवंच: चांगली पक्कड, कटर, डोक्याला लावायचा दिवा, हातमोजे, परावर्तक जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण. व्हॉल्वची आतली पिन घट्ट करायचा चिमुकला पाना आणि एक-दोन सुट्या पिना. कित्येकदा पंक्चर नसतंच, पिनच गळत असते. व्हॉल्वच्या तोंडावर साबणाचं पाणी टाकलं की लगेच कळतं.

जुनं_ते_सोनं

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ स्टेपनी घ्या की राव. वीस मिनिटांत चाक बदललं, निघालो.

गॅरेजकाका

साइडवॉल फाटली तर स्टेपनीला तोड नाही, हे खरंच. जागा असेल आणि मैलोन् मैल निर्जन रस्ता असेल तर मीही तेच सांगेन. पण जिला मुळातच स्टेपनीची जागा नाही तिच्या डिकीत मोठं चाक उभं करायचं तर ते बांधून ठेवावं लागतं. जोरात ब्रेक मारला तर सुटं चाक मागच्या सीटवर येतं. सोबत जॅक, पाना आणि बोल्टचं अंतर जुळणारी रिमही लागते. बारीक, तात्पुरती स्टेपनी मिळत असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते आणि दाब बहुधा ६० पीएसआय, नेहमीच्या दुपटीच्या जवळ. हा दाब वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, त्यामुळे ऐन वेळी स्टेपनीच बसलेली निघते. म्हणजे पंप पुन्हा हवाच.

जुनं_ते_सोनं

ते बाकी खरं. माझ्या स्टेपनीत किती हवा आहे, देव जाणे. बघतो.

तिसरा_गिअर

आणि पट्टी लावली की झालं ना? आमच्या ओळखीतले एक जण त्याच पट्टीवर दोन वर्षं फिरतायत.

गॅरेजकाका

फिरत असतील. मी त्यांच्या शेजारी बसणार नाही.

पट्टीने हवा थांबते. पण भोकातून ओल आत जाऊन स्टीलच्या तारा गंजतात का, आतून साइडवॉल घासली गेलीय का, हे टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतली टायर उत्पादकांची संघटना, यूएसटीएमए, नुसत्या पट्टीला दुरुस्तीच मानत नाही. तिचं म्हणणं असं की भोकही भरलं पाहिजे आणि आतून पॅचही बसला पाहिजे, दोन्ही एकत्र. मशरूमच्या आकाराचा जो पॅच आतून बाहेर ओढतात तो हेच करतो. म्हणून रस्त्यावर पट्टी, आणि जमेल तितक्या लवकर दुकानात मशरूम पॅच. तोवर वेग आवरता ठेवा.

निळी_छत्री

नवीन टायर घ्यायची वेळ येईल तेव्हा आतून चिकट थर असलेलेही बघून ठेवा. कॉन्टिनेन्टलच्या कॉन्टिसीलसारखे टायर ट्रेडमधलं ५ मिमीपर्यंतचं भोक स्वतःच बुजवतात. रन-फ्लॅटची गोष्ट वेगळी. ते भोक बुजवत नाहीत, फक्त हवा नसताना साधारण ८० किलोमीटर ८० च्या वेगाने नेतात.

सुसाट_पण_सावध

ठरलं तर: चिमट्यांचा पंप, वेगळा गेज, धातूच्या टी मुठीचं पट्टीचं किट, नटबोल्ट यांची यादी, आणि कंपनीची बाटली आहे तिथेच. बायको म्हणते ती बाटलीच वापरणार, रीमर तू चालव. रविवारी टायरच्या दुकानात जाऊन टाकाऊ टायरवर हात साफ करतो. हे सगळं तळाखाली थर्माकोलच्या खाचेत बसेल असं वाटतंय.

गॅरेजकाका

तळाखाली फक्त बाटली. बाकी डिकीच्या कडेला, सामानाच्या बाहेर. नाहीतर पंक्चर झालं की आधी चार बॅगा रस्त्यावर काढाव्या लागतात, आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून.

आणि चाकांना चोरी रोखणारे लॉकनट असतील तर त्यांची किल्ली कुठे आहे ते आजच शोधा. पट्टी लावायला चाक काढावं लागत नाही, पण आतल्या बाजूला हात पोचला नाही तर काढावंच लागेल. पुढचं चाक असेल तर आधी स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने जागा होते.

सुसाट_पण_सावध

किल्ली डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली, पुस्तिकेखाली. लॉकनट आहेत हे आत्ता कळलं!